जोतं काढण्याआधी एक पावसाळा

रत्नागिरीकडे सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, उतरणीवर घर बांधायचं ठरवलंत, तर जागा ताब्यात आल्यावर लगेच गवंडी बोलावू नका. आधी एक अख्खा पावसाळा ती जागा बघा. आषाढात छत्री घेऊन बांधावर उभं राहा. पाणी कुठून उतरतं, कुठे तुंबतं, खालच्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, कुठे मिळतं, त्या ठिकाणी खुंट्या ठोका आणि मोजणीच्या नकाशावर पेन्सिलीने वाटा काढा. घर, चूल, न्हाणी यांच्या जागा त्यानंतर ठरतील. सातबारा, ग्रामपंचायतीची परवानगी ही कामं मधल्या काळात होतात.

विहीर असेल तर दोरीला दगड बांधून पाणी मोजत जा. गणपतीत, दिवाळीत, शिमग्याला आणि मेच्या अखेरीला. चार आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले की कळतं, आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही उन्हाळ्यात टँकर का येतो. इथला जांभा दगड सच्छिद्र आहे. पाणी त्यात पटकन शिरतं, खालच्या चिकण थराला टेकतं आणि आडवं वाहत झऱ्यावाटे निघून जातं. म्हणून नुसता खड्डा खणून भागत नाही. घराच्या वरच्या अंगाला उतार आडवा धरून चर काढा, चराची माती खालच्या कडेला लावा, त्यावर वाळा लावा. जुनी झाडं तोडू नका. पाणी जितकं सावकाश उतरेल तितकी विहीर उशिरा खाली जाईल.

छपराचा हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १०० चौरस मीटर कौलांवर वर्षाला तीन लाख लिटर पडतं. पाचवा हिस्सा वाया गेला तरी दोन लाख चाळीस हजार उरतं. एवढं साठवायला जाऊ नका, खर्च झेपणार नाही. चार माणसांना पिण्या-रांधण्याला रोज ४० लिटर धरलं, तर फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांना ४८०० लिटर लागतं. माझ्या मते दहा हजार लिटरची झाकलेली टाकी पुरे. बाकीचं चरात जाऊ द्या. टाकीकडे जाणाऱ्या पन्हळीला झडप हवीच, कारण पहिल्या पावसांत कौलांवरची धूळ, पानं आणि पक्ष्यांची घाण येते. ते पाणी बाहेर सोडायचं.

शौचालयाच्या टाकीबद्दल मात्र कुणाचंही ऐकून तडजोड करू नका. विहिरीपासून १५ मीटर अंतर सांगतात, पण भेगाळ कातळात घाण त्याहून लांब पोचू शकते, तेव्हा जमेल तेवढी लांब आणि विहिरीच्या खालच्या बाजूला घ्या. आमच्या आखणीत ती वर आली होती. शेजारच्या काकी बांधावरून म्हणाल्या, "अरे, मग पाणी कसलं पिणार?" दुसऱ्या दिवशी आखणी बदलली. न्हाणीचं, मोरीचं पाणी केळी, कर्दळ, अळवाकडे वळवा.

भिंतींसाठी जांभ्याचे चिरे जवळच्या खाणीतले घ्या, लांबून आणल्यावर वाहतुकीचं डिझेल जळतंच. खाणीतून निघताना चिरा मऊ असतो, हवेवर कडक होत जातो. म्हणून आधी काढून ठेवलेले मागा आणि पांढऱ्या मातीचे गड्डे दिसले तर तो चिरा बाजूला काढा. नीट सांधलेल्या चिऱ्याला बाहेरून गिलावा लागत नाही, सिमेंट वाचतं. वासे, दारं, कौलं यांसाठी पडक्या घरांची चौकशी करा. फणसाचं किंवा ऐनाचं जुनं लाकूड मिळालं तर सोडू नका. पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील इतकं छप्पर पुढे काढा, पश्चिमेला पडवी ठेवा.

सगळं झाल्यावर मेच्या शेवटच्या आठवड्यात शिडी लावून पन्हळीतला पाचोळा काढा, टाकी घासून झाकण लावा, चरांची तोंडं मोकळी करा आणि झडप बाहेरच्या बाजूला वळवून ठेवा.