सवाईचा आठवडा: पुण्यात नव्याने शिकायला आलेल्यांसाठी

जून-जुलैत पुण्यात शिकायला आलेला विद्यार्थी डिसेंबरपर्यंत मेसच्या आमटीला आणि कोपऱ्यावरच्या अमृततुल्याला सरावलेला असतो. नेमक्या त्याच सुमारास, बहुधा परीक्षा किंवा सबमिशन डोक्यावर असताना, शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव येऊन ठेपतो. गायक रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व यांचे 1952 मध्ये निधन झाल्यानंतर त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी 1953 पासून गुरूच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो आयोजित करते, आणि 2011 मध्ये भीमसेनजी गेल्यानंतर त्यांचेही नाव त्याला जोडले गेले. पुणेकर मात्र आजही ‘सवाईला जाणार का?’ एवढेच विचारतात.

नवखा श्रोता एक चूक हमखास करतो. पत्रिका हाती पडताच तो ओळखीची नावे शोधतो, तेवढीच ऐकायची ठरवतो किंवा उत्साहाच्या भरात पाचही दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत बसण्याचा संकल्प करतो. माझ्या मते नावांपेक्षा प्रहर पाहून निवड करावी. हिंदुस्तानी संगीतात रागांना गाण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत आणि या महोत्सवात त्या बऱ्याच अंशी पाळल्या जातात, त्यामुळे आपण किती वाजता मंडपात शिरतो यावर काय ऐकायला मिळणार हे पुष्कळसे अवलंबून असते. दुपारी उशिरा गेल्यास भीमपलास, मुलतानी किंवा मधुवंती ऐकायला मिळण्याची शक्यता अधिक असते. दिवेलागणीच्या वेळी मारवा, पूरिया, श्री, पूरिया धनाश्री असे संधिप्रकाश राग येतात आणि त्यानंतर यमन, शुद्ध कल्याण, बिहाग, बागेश्री. दुपारचे सत्र रिकाम्या खुर्च्यांमुळे दुय्यम समजले जाते. प्रत्यक्षात तरुण कलाकार तिथे जीव ओतून गातात आणि पुढे बसायला जागाही मिळते.

रात्रीच्या रागांचे गणित थोडे वेगळे आहे. पूर्वी महोत्सव रात्रभर चाले आणि पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळत. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आल्यापासून रात्री 10 नंतर खुल्या जागेत ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. सण-समारंभांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, आणि अलीकडे या महोत्सवाच्या वाट्याला ती बहुधा शनिवारी येते. मालकंस किंवा दरबारी कानडा त्याच्या हक्काच्या वेळी ऐकायचा असेल, तर शनिवारची रात्र चुकवू नये. सलग पाच दिवसांऐवजी एक पूर्ण संध्याकाळ, शनिवारची रात्र आणि रविवारचे समारोपाचे सत्र एवढे नीट ऐकले तरी पहिल्या वर्षी पुष्कळ झाले. कानही थकतात, आणि थकलेल्या कानांना चौथा यमन तिसऱ्यासारखाच वाटू लागतो.

तिकीट घेताना खुर्ची परवडत नाही म्हणून हिरमुसू नये. भारतीय बैठकीचे तिकीट स्वस्त असते आणि ऐकण्याच्या दृष्टीने त्यात काहीही उणे नाही. फक्त पाठीला टेकण मिळत नाही, म्हणून घरून एक छोटी उशी न्यावी. शक्य तेवढे मधोमध बसावे, कारण अगदी कडेला ध्वनिक्षेपकाच्या तोंडाशी बसले की तबला अंगावर येतो आणि तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, हरवते. डिसेंबरात सूर्य मावळला की हवा झपाट्याने गार होते, तेव्हा दुपारी ऊन असले तरी शाल किंवा स्वेटर जवळ असू द्यावा. पूर्वी रमणबागेच्या मैदानावर होणारा हा महोत्सव अलीकडे मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात भरतो. तिथे जाण्यासाठी स्वारगेट मेट्रो स्थानक सोयीचे आहे. कोथरूड किंवा डेक्कनकडून येणाऱ्यांनी जिल्हा न्यायालय (पूर्वीचे सिव्हिल कोर्ट) स्थानकावर गाडी बदलावी. शनिवारी मात्र मध्यरात्री मेट्रो मिळणार नाही, त्यामुळे परतीची रिक्षा तिघा-चौघांनी मिळून आधीच ठरवावी आणि वसतिगृहाच्या दाराची वेळही विचारून ठेवावी. पहिल्या वर्षी मी ती विचारली नव्हती. रखवालदाराशी झालेला संवाद इथे देण्याजोगा नाही.

आता प्रत्यक्ष ऐकण्याविषयी. ख्याल गायनात आधी विलंबित लयीतला बडा ख्याल आणि मग द्रुत लयीतला छोटा ख्याल येतो. बहुतेक नवखे श्रोते बड्या ख्यालातच चुळबुळ करू लागतात, कारण त्यात ‘काही घडत नाही’ असे त्यांना वाटते. त्यावर एक साधा उपाय आहे. विलंबित ख्याल पुष्कळदा एकतालात असतो आणि एकतालाच्या मात्रा, म्हणजे मोजण्याचे ठोके, 12. अंगठा सोडून उरलेल्या चार बोटांची पेरीही बाराच. अंगठ्याने एकेक पेर मोजत तबल्याचा ठेका ऐकावा: धिं, धिं, धागे, तिरकिट, तू, ना, कत्, ता, धागे, तिरकिट, धी, ना. ‘तिरकिट’ चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर येते. त्यातील दुसरे ऐकू आले की पुढे दोनच मात्रा उरतात आणि मग सम, म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा. गायक मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलून नेमका तिथे येतो आणि मंडपातली मान एकदम डोलते. ही लय इतकी संथ असते की एका आवर्तनाला पाऊण मिनिटही लागू शकते, म्हणून पहिल्या दोन-तीन वेळा मोजणी चुकली तरी काही बिघडत नाही. एकदा सम सापडली की कंटाळा हा शब्द आठवत नाही.

घराण्यांचा अभ्यास आधी करून जाण्याची गरज नाही, तरी एक-दोन खुणा ठाऊक असाव्यात. किराणा घराण्याचा गायक एकेका स्वरावर रेंगाळत राग हळूहळू उलगडत नेतो. जयपूर-अत्रौलीचा गायक तालाशी घट्ट बांधलेली, वळणावळणाची आलापी करतो आणि अनवट (क्वचित गायले जाणारे) किंवा जोड (दोन राग मिळून झालेले) राग काढतो. ग्वाल्हेरचा गायक बंदिश आधी स्थायी-अंतऱ्यासकट, म्हणजे तिच्या दोन्ही भागांसह, सरळ मांडतो. एवढ्या खुणांवर समोरचा गायक कुठला असेल याचा अंदाज बांधावा आणि मग शेजारच्या आजोबांकडून खात्री करून घ्यावी. पुण्याच्या बैठकीत असे आजोबा हटकून असतात आणि विचारले नाही तरी सांगतात.

मंडपातील शिस्तीबद्दल एवढेच, की गाणे सुरू असताना उठू नये, उठणे अगदीच अटळ असेल तर वाद्ये लावली जात असताना उठावे आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करू नये. दाद मनापासून द्यावी, पण ती शेजाऱ्याला ऐकू येण्यापुरती. खाण्याच्या गाड्यांकडे दोन कलाकारांच्या मधल्या वेळात सगळेच धावतात, म्हणून दशमी किंवा गूळपोळी पिशवीत ठेवलेली बरी. सकाळी तास चुकवता येत असतील, तर शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात होणारे ‘षड्ज’ आणि ‘अंतरंग’ हे उपक्रम अवश्य पाहावेत. पहिल्यात संगीतविषयक लघुपट दाखवले जातात, तर दुसऱ्यात कलाकारांशी गप्पा होतात.

रविवारी शेवटचे गायन संपले की पार्किंगकडे धावू नये. त्यानंतर खुद्द सवाई गंधर्वांच्या आवाजातील भैरवी ठुमरीची जुनी ध्वनिमुद्रिका वाजवली जाते आणि महोत्सव तिच्यावरच संपतो. ती जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची आहे.