गोंदरू कुठे शिरला?

सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, नव्याने लागून एफवायचा (पदवीच्या पहिल्या वर्षाचा) वर्ग मिळालेल्यांसाठी लिहितोय. उतारावाचन सोपं म्हणून ते हमखास नव्या माणसाच्या गळ्यात मारतात. माझ्याही मारलं. एका ज्येष्ठांनी कानमंत्र दिला, "उतारा द्यायचा, खाली पाच प्रश्न, तपासून मोकळं व्हायचं." दोन वर्षं तेच केलं. मुलांना दहापैकी आठ-नऊ पडायचे, मी खूश.

मग एकदा पैकीच्या पैकी मिळवलेल्या मुलीला तोच उतारा तोंडी सांगायला लावला. तो कशाबद्दल आहे, हेही तिला सांगता येईना.

मी फसलो ते इथे. फळ्यावर हे अर्थ नसलेलं वाक्य लिहून बघा: ‘गोंदरू लटपत फिंदळीत शिरला, कारण त्याला झुमरं चेवलं होतं.’ गोंदरू कुठे शिरला? फिंदळीत. का? झुमरं चेवलं म्हणून. अख्खा वर्ग बरोबर! प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि ते वाक्य उतरवायचं, बस्स. यात आकलन कुठे आलं? आणि दोष पोरांचा नाही. असले प्रश्न काढून त्यांवर गुण वाटणारा मीच होतो.

आता विचारतो ते असं: ‘निर्यातबंदी उठली, तरी कांद्याचे भाव सावरले नाहीत.’ लेखकाची अपेक्षा काय होती? उत्तर त्या ‘तरी’त दडलंय. पहिल्यांदा विचारलं तेव्हा वर्ग चिडीचूप. शेवटच्या बाकावरून कांदा पिकवणाऱ्या घरातला एक जण म्हणाला, "बंदी उठली की भाव चढायला पायजे होता ना सर." विषयाची ओळख असली की निम्मं काम होतं. म्हणून उताऱ्याआधी पाच मिनिटं नुसत्या गप्पा मारा.

पॅलिंक्सर आणि ब्राउन या वाचन-आकलनावर काम केलेल्या संशोधकांची १९८४ची पद्धत जरूर वापरा: पुढचा अंदाज बांधणं, प्रश्न काढणं, अडलेलं सोडवणं, सारांश सांगणं. मी ही कामं चौघांत वाटतो आणि दर परिच्छेदाला फिरवतो. मूळ प्रयोग सातवीच्या मुलांवरचा, पण एफवायला वापरायला लाजू नका. सुरुवातीला सारांश म्हणून अख्खा परिच्छेदच वाचून दाखवतील. घाबरू नका, महिनाभरात रुळतात. हायलायटर मात्र बंद करा. पान पिवळं होतं, डोकं कोरंच राहतं. वेगवाचनाच्या क्लासबद्दल तर बोलायलाच नको.

आणि ‘समजलं का?’ विचारूच नका. ‘हो सर’ सत्तर तोंडांना पाठ असतं. पुस्तक मिटून शेजारच्याला सांगायला लावा. माझ्या वर्गात अजूनही निम्मे जण मिटताना पानात बोट ठेवतात.