पोलीस ठाण्यात फिर्याद देताना आपले शब्द आपलेच राहू द्या

जातीवरनं नाहीतर धर्मावरनं मार खाऊन माणूस ठाण्यात गेला की आमच्याकडं पहिलं वाक्य ठरलेलं, "गावातलं गावात मिटवून घ्या की". नाहीच ऐकलं तर एनसी लिहून कागद हातात देतात आणि माणूस समाधानानं घरी येतो, झाली बुवा तक्रार. अहो एनसी म्हणजे अदखलपात्र, कोर्टाच्या हुकमाशिवाय त्याच्यात तपास होत नाही. म्हणून कागद हातात आला की आधी वर बघा, प्रथम खबर (म्हणजेच एफआयआर) लिहिलंय का आणि गुन्हा रजिस्टर नंबर पडलाय का.

आता कायदा कोणता ते थोडक्यात. एससी-एसटी असाल तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा, बौद्ध समाज १९९० पासून केंद्राच्याही एससी यादीत आहे त्यामुळं त्यांनाही लागतो. मराठवाड्यात गोची होते ती तांड्यावर. बंजारा तेलंगणात एसटी, आपल्याकडं विमुक्त जातीत, एसटीत नाही, म्हणजे देगलूर-धर्माबादच्या बाजूला सीमेपलीकडच्या सोयऱ्याचं ऐकून ॲट्रॉसिटी मागायला गेलात तर हात हलवत परत याल. फासेपारधी मात्र इथंही एसटीत आहेत. एसटीत नसलेल्या मुसलमानांना हा कायदा नाही, पण म्हणून काहीच नाही असं नाही. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी जी भारतीय न्याय संहिता लागू आहे तिच्यात कलम १९६ आहे समाजासमाजात तेढ लावल्याबद्दल, २९९ धार्मिक भावना मुद्दाम दुखावल्याबद्दल, आणि पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, जन्मठिकाण, भाषा असल्या कारणावरनं जीव घेतला तर १०३ (२), जबर जखमी केलं तर ११७ (४). भाषा हा शब्द तिथं सरळ लिहिलेला आहे, लई जणांना हे माहीतच नाही.

तरी ठाण्यात जाऊन कलमं सांगत बसू नका, साहेब लोक चिडतात. कलम लावणं त्यांचं काम, काय घडलं ते नीट सांगणं आपलं.

आणि खरी मेख इथंच आहे. मी एका पारधी जोडप्यासोबत गेलो होतो, ठाण्याचं नाव घेत नाही. नवरा पारधीत सांगायचा, त्यांची शाळेत जाणारी पोरगी मराठीत, आणि टाइप करणारा आपल्या मनानं "किरकोळ कारणावरून वाद होऊन जातीवाचक शिवीगाळ केली" असं लिहून मोकळा. त्या एका ओळीत सगळी केस मेली म्हणा. किरकोळ कारण कोण म्हणलं? शिवी काय दिली ते कुठंय? पोरीला तो शब्द साहेबांपुढं उच्चारायची लाज वाटायली, त्यात तिची काय चूक. मग तिच्या आईनंच सांगितला, जसाच्या तसा, आणि आम्ही तो तसाच लिहून घ्यायला लावला.

तर असं करा. शिवी, धमकी ज्या भाषेत दिली त्याच भाषेत अवतरणात लिहायला सांगा, बंजाऱ्यांची गोरमाटी असो, दखनी असो, तेलुगू असो, आणि पुढं मराठीत अर्थ. जागा लिहा, नुसतं "गावात" नको, हॉटेलसमोर, पाराजवळ, आणि तिथं कोण कोण उभं होतं ते. कारण जातीवरनं अपमानाच्या कलमाला चारचौघांच्या देखत घडलेलं लागतं, चार भिंतीच्या आत कोणी बाहेरचं नसताना झालं तर ते टिकत नाही, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं तसं सांगितलंय. आणि सही करायच्या आधी वाचून दाखवा म्हणा. हा काही उपकार नाही, तोंडी फिर्याद लिहून घेऊन वाचून दाखवणं हे पोलिसांचं काम आहे, ॲट्रॉसिटीत तर जो सरकारी नोकर (एससी-एसटी नसलेला) असली कामं मुद्दाम टाळतो त्याला कलम ४ मध्ये ६ महिने ते १ वर्ष कैद आहे. वाचताना समजलं नाही तर थांबा, तुमच्या भाषेतला माणूस येईपर्यंत सही नको. एफआयआरची नक्कल फुकट मिळते.

तो माणूस आणायचा कुठून? तालुक्याच्या ठाण्यात दुभाषी काही बसलेला नसतो. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला त्यांची समिती, नंबर १५१००, एससी-एसटी आणि बायकांना तिथं उत्पन्न न बघता वकील फुकट, अर्ज लिहून द्यायला त्यांचे स्वयंसेवकही असतात. उर्दूसाठी जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतले गुरुजी बघा, दखनी बोलणाऱ्या म्हातारीचं तेच नीट लिहितात. लहान लेकराला मात्र दुभाषी करू नका, मी एकदा बघितलंय तेवढं बास. कलेक्टर, तहसील, पंचायत समितीत तक्रारअर्ज द्यायचा तर राज्यघटनेचं ३५० कलम सांगतं की देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. "मराठीत आणा" म्हणाले तर मराठी प्रत सोबत जोडा, पण मूळ अर्जावर आवकचा शिक्का घ्याच. नाहीतरी २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायच्या होत्या तेव्हा निजामाच्या काळातलं उर्दू अन् मोडी वाचणारे सापडलेच की यांना.

"आधी चौकशी करतो मग बघू" म्हणाले तर? ॲट्रॉसिटीत गुन्हा नोंदवायला आधी चौकशीची गरज नाही, कलम १८ अ. बाकी ३ वर्षांपासून ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात डीवायएसपीच्या परवानगीनं १४ दिवस चौकशी करता येते, त्याच्यापुढं नाही. "आमच्या हद्दीत नाही" हेही चालत नाही, झिरो एफआयआर होतो, म्हणजे कुठल्याही ठाण्यात नोंदवून तो हद्दीच्या ठाण्याला पाठवतात. घ्यायलाच तयार नसतील तर तीच फिर्याद एसपी साहेबांना रजिस्टर पोस्टानं पाठवा, पावती जपा, तिथंही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट कोर्ट. ॲट्रॉसिटीसाठी १४५६६ ही हेल्पलाइन वेगळी आहे, मारहाण चालू असली तर सरळ ११२.

मोबाइलमधला व्हिडिओ डिलीट करू नका आणि गावच्या ग्रुपवर टाकू तर अजिबात नका, उलट तुमच्यावरच १९६ यायचं.

पैशाचं विचारायला लोक लाजतात. जातीवरनं शिवीगाळीच्या केसमध्ये १ लाखाची मदत आहे, २५ टक्के एफआयआर झाल्यावर, ५० दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर, उरलेले २५ आरोपीला शिक्षा झाल्यावर. समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडं चौकशी करा, जातीचा दाखला आणि बँक पासबुकची झेरॉक्स घेऊन जा. दाखला काढलेला नसला तरी फिर्याद अडवू देऊ नका, तो मागनं देता येतो.