सर्व्हरवरची फाइल उघडते, पण सेव्ह होत नाही

पहिल्या नोकरीत मी पुण्यातल्या एका सीए ऑफिसचा लिनक्स सर्व्हर सांभाळायचो. त्यावर सांबा (लिनक्सवरची फोल्डरं विंडोजला दाखवणारं सॉफ्टवेअर) होतं आणि सगळ्यांच्या विंडोज मशीनवर एकच शेअर, म्हणजे सामायिक फोल्डर, झेड ड्राइव्ह म्हणून दिसायचा. सप्टेंबर होता, टॅक्स ऑडिटची मुदत तोंडावर आलेली. आर्टिकलशिप करणारी मुलं एकामागून एक येऊन सांगू लागली, "दादा, एक्सेल उघडतंय, पण वर रीड-ओन्ली येतंय."

मी सीएचमॉड ही परवानग्या बदलणारी कमांड चालवून अख्ख्या शेअरला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, देऊन टाकलं. तासाभरात तक्रारी थांबल्या. दुसऱ्या दिवशी कळलं की पगाराचं फोल्डरही त्याच शेअरवर होतं आणि ते आता कुणालाही उघडता येत होतं. शिवाय दुपारपर्यंत रीड-ओन्लीच्या तक्रारी पुन्हा सुरू. आधीच्या परवानग्यांची नोंद मी ठेवली नव्हती. दोन संध्याकाळी प्रत्येक विभागात जाऊन, विचारून विचारून त्या परत लावल्या. तेव्हाचा तो पगारपत्रकाचा प्रकार मला आजही लागतो, म्हणून हे लिहितोय.

मूळ दुखणं असं होतं. सांबाला 'क्रिएट मास्क' (नव्या फाइलला जास्तीत जास्त किती परवानगी द्यायची ती मर्यादा) सांगितला नाही तर तो ०७४४ धरतो, फोल्डरसाठी ०७५५. म्हणजे मालकाने लिहायचं, गटाने नुसतं वाचायचं. त्यात एक्सेल सेव्ह करताना जुन्या फाइलवर लिहीत नाही. तात्पुरती नवी फाइल बनवतं आणि जुनी काढून तिचं नाव नवीला देतं. त्यामुळे शेवटी ज्याने सेव्ह केलं तो मालक होतो आणि परवानगी पुन्हा ०७४४. माझं ७७७ पहिल्या सेव्हलाच पुसलं जात होतं.

मग विभागवार गट केले आणि प्रत्येक फोल्डरला २७७० दिलं, म्हणजे मालक आणि गट यांना सगळी मुभा, बाकीच्यांना काहीच नाही. सुरुवातीचा २ म्हणजे सेटजीआयडी : आत जे बनेल ते फोल्डरच्याच गटाचं होतं. सांबात क्रिएट मास्क ०६६० (मालक आणि गट दोघांनी वाचायचं-लिहायचं), फोल्डरसाठीचा डिरेक्टरी मास्क २७७०. तक्रार पुन्हा आली नाही.

नव्याने या कामात आलेल्यांना मी सांगतो, आधी नेमकं काय होत नाही ते विचारा. उघडत नाही, सेव्ह होत नाही की डिलीट होत नाही? डिलीट होणं फाइलच्या परवानगीवर नाही, ती ज्या फोल्डरात आहे त्याच्या परवानगीवर ठरतं. मग त्या माणसाचे गट 'आयडी' कमांडने पाहा. गटात आजच घातला असेल तर त्याला लॉगआउट करून परत यायला सांगा. चालू जोडणीला नवा गट कळत नाही. यात माझा एकदा अर्धा दिवस गेला.

गट बरोबर असूनही अडत असेल तर 'नेमआय -एल'ला पूर्ण पाथ द्या. वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची परवानगी ओळीने दिसते. एकाही फोल्डरवर त्या माणसासाठी एक्स (आत शिरायची परवानगी) नसेल तर आतली फाइल कितीही मोकळी असो, तो तिथवर पोहोचत नाही. फ्लॅटची किल्ली हातात, पण सोसायटीच्या फाटकातून आत सोडत नाहीत, तसं.

परवानगीच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसलं की एसीएल (एकेका माणसाला किंवा गटाला वेगळी दिलेली परवानगी) आहे असं समजा आणि 'गेटएफएसीएल'ने बघा. तिथे मास्कची, म्हणजे जास्तीत जास्त किती मुभा लागू होईल त्या मर्यादेची, ओळ नीट वाचा. गटाला लिहायची मुभा दिलेली असते आणि मास्क ती कापत असतो. एका फोल्डरातून दुसऱ्यात ओढून आणलेल्या फाइलींवरही लक्ष ठेवा. एकाच शेअरमध्ये हलवलेली फाइल जुना गट आणि जुनी परवानगी घेऊनच येते, कॉपी केलेली मात्र नव्या जागेचे नियम घेते.

कशालाही हात लावण्याआधी 'गेटएफएसीएल -आर'चं (आर कॅपिटल, म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांसकट) आउटपुट एका फाइलमध्ये घेऊन ठेवा. काही बिघडलं तर त्याच ठिकाणाहून 'सेटएफएसीएल'ला रिस्टोअरचा पर्याय आणि ती फाइल द्यायची, परवानग्या होत्या तशा परत येतात. आणि दुरुस्ती झाली असं म्हणण्याआधी दोन वेगळ्या माणसांना बसवा : एकाने नवी फाइल बनवायची, दुसऱ्याने ती उघडून सेव्ह करायची, मग पहिल्याने पुन्हा.