घर विकत घेण्याआधी ते कसं तपासून पाहावं

विकायला काढलेलं घर बहुतेक वेळा नुकतंच रंगवलेलं असतं. सगळे दिवे लावलेले असतात, खिडक्या उघडलेल्या असतात आणि दाखवणारा माणूस पुढच्या खोलीकडे चला म्हणत असतो. अशा वीस मिनिटांत घर पसंत करून लोक पुढची वीस वर्षं हप्ते भरतात, म्हणून पाहण्यासाठी पुरेसा वेळ काढा, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. खालची तपासणी वापरलेल्या घरासाठी आहे, पण त्यातलं बरंचसं नव्यालाही लागू पडतं.

आधी पैशांची मर्यादा ठरवा

हे काम घरं बघायला सुरुवात करण्यापूर्वीच उरका. एकदा घर आवडलं की आकडे आपल्या सोयीने वाकवले जातात. 9 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी कर्ज घेतलं, तर एकूण परतफेड मुद्दलाच्या जवळपास 2.16 पट होते. पहिल्या हप्त्यातला सुमारे 83 टक्के भाग व्याजातच जातो आणि निम्मं मुद्दल फिटायला साधारण 14 वर्षं लागतात. हप्ता झेपेल की नाही हे ठरवताना नोंदणी, वकील, दुरुस्ती आणि सामान हलवण्याचा खर्चही धरा. हाताशी काही महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक उरत नसेल, तर ते घर आज आपल्यासाठी महाग आहे.

एकच घर वेगवेगळ्या वेळी पाहा

सकाळी शांत वाटणारा रस्ता संध्याकाळी हॉर्नने भरून जातो. पश्चिमेकडची भिंत दुपारनंतर तापते आणि ती खोली रात्रीही गरम राहते. त्यामुळे एकदा दिवसा, एकदा अंधार पडल्यावर आणि जमलंच तर पावसात किंवा पाऊस थांबल्यावर लगेच जा. कामावर जाण्याच्या वेळेला तिथून प्रवासही करून बघा. शेजाऱ्यांशी बोला, पाणी किती वेळ येतं, आधीचे लोक का गेले, हे तेच सांगू शकतात.

सगळ्यात जास्त वेळ पाण्याला द्या

घराचे मोठे आजार बहुधा पाण्यातून सुरू होतात. भिंतीत मुरलेलं पाणी सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे आतून दाब येऊन काँक्रीटला तडे जातात आणि त्याचे तुकडे सुटू लागतात. छताला किंवा तुळईला असं काही दिसलं, तर रंगाऱ्याच्या शब्दावर भागवू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

ओल कुठे आहे यावरून तिचं मूळ बऱ्याच अंशी कळतं. जमिनीलगत, साधारण एक मीटर उंचीपर्यंत ओलीचा पट्टा आणि पांढरा लोणा दिसत असेल, तर पाणी पायातून वर चढत असण्याची शक्यता मोठी. छताच्या कोपऱ्यातला डाग वरच्या मजल्यावरून किंवा गच्चीवरून आलेला असतो. न्हाणीघराच्या मागच्या भिंतीवर ओल असेल तर नळजोडणीवर संशय घ्या. कपाटामागे, बेसिनखाली, खिडकीच्या चौकटीभोवती हात फिरवा आणि वास घ्या. एकाच भिंतीचा एकच तुकडा ताज्या रंगाचा दिसला, तर तो का रंगवला हे थेट विचारा.

मग नळ उघडा. दोन-तीन एकदम सोडून धार किती कमी होते ते पाहा, त्याच वेळी फ्लशही चालवा. न्हाणीघरात बादलीभर पाणी ओता. ते जाळीकडे वाहून जातं की कोपऱ्यात साचतं, ते दिसेल. पाण्याचा मीटर असेल तर सगळे नळ बंद करून आकडा टिपून घ्या आणि टाकी भरत नाहीये याची खात्री करून अर्ध्या तासाने पुन्हा बघा. काटा पुढे सरकला असेल, तर कुठेतरी गळती आहे.

तडे, फरशी आणि वीज

केसासारखे बारीक तडे बहुतेकदा गिलावा सुकताना पडलेले असतात. त्यांची फार काळजी नको. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके निघालेले, एका टोकाला रुंद होत गेलेले किंवा भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसणारे तडे मात्र तज्ज्ञाला दाखवाच. सगळी दारं उघडून-मिटून बघा आणि फरशीवर गोटी ठेवा. ती दरवेळी एकाच दिशेला पळत असेल तर कारण शोधायला हवं.

विजेच्या पेटीत गळतीचा करंट तोडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, आहे का ते पाहा. माणसाच्या संरक्षणासाठी तो साधारणपणे 30 मिलीअँपिअरचा असतो आणि त्यावर चाचणीचं बटण असतं. ते घरमालकाच्या परवानगीने दाबा. पुरवठा तुटला पाहिजे.

माप आणि कागद

सांगितलेल्या क्षेत्रफळात भिंती, जिना, सज्जा काय काय धरलं आहे ते विचारा आणि टेप लावून खोल्या स्वतः मोजा. आपला पलंग आणि कपाट बसेल का, हेही त्याच वेळी कळतं.

कागद आपण निवडलेल्या वकिलाकडूनच तपासून घ्या; विकणाऱ्याने किंवा दलालाने सुचवलेला नको. घर कुणाच्या नावावर आहे, सहमालक आणि वारस सगळे सही करणार आहेत का, कुठल्या कर्जाचा बोजा आहे का, मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम जुळतं का, कर आणि देखभालीची थकबाकी किती, एवढं तरी लेखी हवं.

बोलणी आणि ताबा

सापडलेल्या दोषांची यादी करून दुरुस्तीचा खर्च मिस्त्रीकडून काढून घ्या आणि तो समोर ठेवून किंमत बोला. नुसतं "कमी करा" म्हणण्यापेक्षा याला वजन असतं. कर्ज नामंजूर झालं किंवा कागदात दोष निघाला तर पैसे परत मिळतील, ही अट इसार देण्याआधीच लिहून घ्या. पंखे, गीझर, कपाटं यांतलं घरात काय राहणार, तेही त्याच कागदावर येऊ द्या. विकणाऱ्याला शेवटची रक्कम देण्यापूर्वी रिकामं घर पुन्हा एकदा बघा: सामान हललं की त्यामागच्या भिंती उघड्या पडतात.