मुळं खणून ताण सोसणारं वाण शोधताय? मग या चुका टाळा

पहिली चूक कुदळ हातात घ्यायच्या आधीच होते. ताण म्हणजे नेमका कशाचा, पाण्याच्या टंचाईचा की जमिनीतल्या अन्नद्रव्याच्या, हे ठरवायचंच राहून जातं आणि मग ज्याची मुळं जास्त आणि खोल तेच वाण भारी असं धरून सगळे मोजायला बसतात. अहो पण प्रत्येक ताणाला वेगळं मूळ लागतं ना. पाणी आणि नायट्रेट (झाडाला लागणारं नत्र) खाली खाली सरकत जातात, तिथं उभं खोल जाणारं मूळ कामाचं. फॉस्फरस मात्र बहुतेक वरच्याच थरात असतो आणि जागचा फारसा हलत नाही, तिथं वर आडवी पसरणारी मुळं आणि लांब केसमुळं (मुळावरची केसासारखी बारीक लव) जास्त कमावतात. भाताचंच बघा, २०१३ साली डीआरओ१ या जीनवरचं काम आलं, किनांदांग पातोंग नावाच्या खोल मुळांच्या भातातून तो आयआर६४ या उथळ मुळांच्या भाताच्या वाणात आणला तर मुळांचा कोन उभा झाला आणि दुष्काळात उत्पन्न जास्त टिकलं. त्याच्या आदल्याच वर्षी कसलथ नावाच्या भातातला पीस्टॉल१ जीन समोर आला, तो रोपाच्या सुरुवातीच्या काळात मुळं वाढवतो आणि फॉस्फरस कमी असलेल्या जमिनीत फायदा देतो. पीक एकच पण गरज वेगळी, म्हणून मूळही वेगळं.

आणि 'जास्त मुळं म्हणजे चांगलं' हे तर डोक्यातून काढूनच टाका. मूळ बनवायला आणि जगवायला झाडाला अन्न खर्चावं लागतं. पेन स्टेट युनिव्हर्सिटीच्या जोनाथन लिंच यांच्या गटानं मक्यात दाखवलंय की पाणी कमी असताना खोडाजवळची मुळं संख्येनं कमी असलेली झाडं जास्त खोल गेली आणि बरी टिकली. तिथं भरगच्च झुपका बघून वाण निवडलं असतं तर चुकीचंच निवडलं गेलं असतं.

आता आपल्याकडचं. खोल मुळांचं वाण शोधताय पण तुमच्या प्लॉटची जमीन खोल आहे का? विदर्भात बरड जमिनीत फूट-दीड फुटावर मुरूम लागतो, तिथं मूळ कितीही जिद्दीचं असलं तरी जाणार कुठं, आणि साठलेलं पाणीही तिथं फार नसतंच. भारी काळ्या जमिनीत रब्बीचा हरभरा साठलेल्या ओलीवर येतो तिथं खोलीला किंमत आहे. म्हणून ट्रायल टाकायच्या आधी एक खड्डा घ्या आणि थर बघा. नागपूरात अमरावती रोडवर मृदा सर्वेक्षणाचं राष्ट्रीय ब्युरो आहे, त्यांचे जमिनीचे नकाशे आहेत, तेही बघून घ्या, पण खड्डा स्वतःच्या प्लॉटमध्येच घ्या कारण एकाच शेतात जमीन बदलते.

हरभऱ्यावरून अजून एक. इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या कामात २०११ मध्ये असं दिसलं की कोरड्यात टिकणारी हरभऱ्याची वाणं सुरुवातीला पाणी जपून वापरतात आणि दाणा भरताना त्यांच्याकडे ते शिल्लक असतं. म्हणजे नुसती मुळं मोजून अर्धीच गोष्ट कळते, सोबत वेगवेगळ्या खोलीवरची ओल आणि पानांचं तापमान घ्यायलाच हवं.

कुंडीतल्या प्रयोगाचं थोडक्यात सांगतो. कुंडी लहान असली की मुळं तळाशी गोल फिरतात आणि सगळी वाणं सारखीच दिसायला लागतात. २०१२ च्या एका मोठ्या आढाव्यात कुंडीचा आकार दुप्पट केल्यावर झाडाचं वजन सरासरी ४३ टक्के वाढलेलं दिसलं. आढावा घेणाऱ्यांचा सल्ला होता की एका लिटर मातीमागे झाडाचं कोरडं वजन १ ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका. कपाशी किंवा तुरीसारख्या सोटमुळाच्या पिकाला तर कुंडीऐवजी माती भरलेला उंच पाईपच बरा.

आता खणणं, इथंच सगळ्यात जास्त वाया जातं. काळी माती सुकली की भेगा पडतात आणि त्या भेगांमध्ये मुळं आधीच तुटलेली असतात, वरून तुम्ही कुदळ मारली की ढेकूळ फुटतो आणि बारीक मुळं त्याच्यासोबत जातात. ओली असली तर चिकट गोळा निघतो. वाफसा येईपर्यंत थांबा, हाच खरा उपाय आहे. झाड ओढून तर कधीच काढू नका, कोन बदलतो आणि तुम्हाला कोनच तर मोजायचा असतो. खोडापासून एकाच अंतरावर, एकाच खोलीपर्यंत सगळी झाडं खणा, आणि काढायच्या आधी झाडाची कोणती बाजू ओळीच्या दिशेला होती त्याची खूण करून ठेवा.

धुताना जोराचा पाईप नको. रात्रभर पाण्यात भिजत ठेवा, माती फारच चिकट असेल तर पाण्यात थोडं सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट टाका, चिकणमाती सुटते. पण मुळातला फॉस्फरस तपासायचा असेल तर ते वापरू नका, त्यातच फॉस्फेट आहे, रीडिंग बिघडेल. खाली अर्धा मिलिमीटरची चाळणी ठेवा. मोठ्या भोकाच्या चाळणीतून बारीक मुळं निघून जातात आणि वजनात फरकही दिसत नाही, पण एकूण लांबीतला मोठा हिस्सा तीच बारीक मुळं असतात, आणि पाणी पिणारीही तीच. म्हणून नुसत्या वजनावर वाण निवडू नका, स्कॅन करून लांबी काढा. वजनच घ्यायचं असेल तर थोडा नमुना जाळून राख बघा, चिकटलेली माती किती होती ते कळतं.

आणि समजा यंदा सगळ्यात चांगलं ठरलेलं वाण पुढच्या वर्षी क्रमात एकदम खाली गेलं, तर लगेच हवामानाला दोष देऊ नका. आधी बघा, बांधाकडची झाडं तर नव्हती घेतली? प्लॉटमागे एकच झाड खणलं होतं का? लवकर येणारं आणि उशिरा येणारं वाण एकाच तारखेला खणलं असेल तर एक फुलावर असतं आणि दुसरं अजून वाढतच असतं, मग मुळातला फरक हा निव्वळ वयाचा फरक निघतो, तारीख सोडा आणि फुलोऱ्याची अवस्था धरून खणा. शेजारी पुरेसं पाणी दिलेला प्लॉट होता का तेही बघा, तो नसेल तर ताण पडला होता की नाही हेच सांगता येत नाही, कारण नागपूरात ऑक्टोबरमध्ये परतीचा एक पाऊस पडला की तुमचा कोरडा प्लॉट ओलाच राहतो.