पोट्ट्याची दाढ काढायची हाय अन् ते घाबरते? हलक्या सेडेशनची तयारी अशी करजा

पयले तं घरातलं "जेव, नाई तं डॉक्टर सुई टोचन" हे बंद करा बाप्पा. अर्धी भीती आपणच भरतो.

मंग डॉक्टरले विचारा का हलकं सेडेशन देता का. ह्यात लेकराले बेहोश नाई करत, ते जागंच असते, बोललं तं ऐकते, फक्त धास्ती उतरते. लाफिंग गॅस असन तं नाकावर छोटा मास्क लावतात, ऑक्सिजनमधे नायट्रस ऑक्साइड मिसळून देतात, दोन-चार मिनिटात पोट्टं ढिलं पडते, अन् काम झालं का पाचेक मिनिट नुसता ऑक्सिजन. गॅस नाकातूनच जाते म्हणून सर्दीनं नाक चोंदलं असन तं तारीख पुढं घ्या. घरी रोज थोडा सराव करून घेजा, नाकावर हाताचा द्रोण धरायचा, तोंड बंद, नाकानं सावकाश श्वास. हिरडी सुन्न करायचं इंजेक्शन मात्र लागतेच, तवा "सुई नाईच" असं वचन देऊ नका, पुढच्या खेपेले लेकरू तुमच्यावर भरवसा नाई ठेवणार.

दुसरा प्रकार म्हणजे मिडाझोलाम नावाच्या गुंगीच्या औषधाचं सिरप. डोस वजनावर ठरते, असर व्हायले वीस-तीस मिनिट, अन् ते दवाखान्यातच पाजायचं, घरून पाजून नेऊ नका. ह्याले उपाशी पोट लागते, जेवण-दूध 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत. इथंच घोळ होते, कारण आजी यष्टीत गुपचूप बिस्कीट देते, उपाशी कसं नेता म्हणून. उलटी होऊन फुफ्फुसात गेली तं जीवावर बेतते, आजीले हे नीट समजावजा, अन् सकाळचीच वेळ मागजा. नुसत्या गॅससाठी काय खायचं ते डॉक्टर सांगन.

दमा, रात्री जोरात घोरणं, सुजलेले टॉन्सिल, चालू औषधं, सगळं सांगा. आपल्याकडं सिकलसेल हा रक्ताचा आजारही हाय, त्याचं कार्ड असन तं सोबत न्या, लपवू नका.

बोटाले पल्स ऑक्सिमीटर, ऑक्सिजन, अन् लेकराकडं लक्ष ठेवणारा वेगळा माणूस, हे नसन तं तिथं करूच नका. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय नाई तं वर्ध्याजवळच्या सावंगीचं डेंटल कॉलेज, तिथं लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग हाय, सेडेशनची सोय फोन करून विचारूनच निघा.

येताना टू-व्हीलर नको, दोन मोठी माणसं पायजेत, एकानं झोपाळलेल्या लेकराची मान छातीवर पडू नये हे पाहायचं. अन् ओठ सुन्न असेपर्यंत खायले देऊ नका, गंमत म्हणून पोट्टे ओठ चावतात अन् संध्याकाळी तो टम्म सुजते.